दीड माणसाची खुर्ची

तीर्थरूप मामा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून (मनातल्या मनात, खरोखर ठेवलं की तुम्ही "आता काय हवंय?" असं विचारता) पत्र लिहायला घेतो. मी मजेत आहे. तुम्हीही असाल, आणि तुमच्यासोबत राहून जेवढं मजेत राहता येतं तेवढी मामीही असेल. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर माझं तिसरं वाक्य आलं की तुम्ही "बरं, ठेव" म्हणता. पत्र असं मधेच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण ह्या कार्ट्याने पुढे काय दिवे लावले ते कळेपर्यंत तुम्हाला घास जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. अक्षराकडे बघू नका. शाळेत मास्तर म्हणायचे, ह्याचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पडून पळाली. त्यानंतर ती कोंबडी सुधारलेली नाही.

आधी आभार मानतो, कारण निघताना ते राहून गेले. राहून गेले म्हणजे मी फुगलो होतो. जन्मभर तुम्ही मला "एका जागी बस" म्हणत आलात आणि शेवटी ओळख लावून तेच काम शोधून दिलंत. खुर्च्यांच्या कारखान्यात माझं काम खुर्चीवर बसायचं आहे. चेष्टा नाही. नवी खुर्ची तयार झाली की मी बसायचं, उठायचं, परत बसायचं, दिवसभर. पूर्वी हे काम एक मशीन करायचं. ते थकलं. (मशीन थकलं म्हणून माणूस ठेवणारा हा जगातला पहिलाच कारखाना असेल.) बरं, नुसतं बसून भागत नाही, प्रकार असतात. जाडा माणूस धपकन कसा बसतो, म्हातारा चाचपडत कसा टेकतो, नापास झाल्याचं घरी सांगायचंय तो कडेला कसा बसतो. शेवटचा प्रकार मला शिकवावा लागला नाही. आई सगळ्यांना सांगते, पोराला बैठं काम आहे, तेही पंख्याखाली. दोन्ही खरं आहे. फक्त संध्याकाळी मांड्या अशा भरून येतात की मी उभ्यानेच जेवतो.

आता कारखान्यातली माणसं सांगतो, म्हणजे पुढे घोळ नको. आम्ही मोजकेच आहोत, पण एकाचा मुलूख दुसऱ्याला नकाशावर बोट ठेवून सापडणार नाही. लोखंडी पाय जोडणारा वेल्डर एका टोकाचा, म्हातारे सुतारबाबा दुसऱ्या टोकाचे. फोम कापून त्यावर रेक्झिन चढवणारी ती गादीवाली मावशी. कारखाना पत्र्याच्या शेडमध्ये होता तेव्हापासून ती इथे आहे आणि मी आल्यापासून तिच्या डब्यातला निम्मा वाटा माझ्या पोटात जातो. सगळ्यांची मिळून एक मोडकी भाषा आहे, तिच्यात शिव्या भरपूर आणि क्रियापदं कमी. काम मस्त चालतं. वर मालक. आणि मालकांच्या खालोखाल खुर्च्यांचे नकाशे काढणारा एक शिकलेला माणूस, ज्याच्या गळ्यात कायम टेप लटकलेली असते. त्याला आम्ही मोजमाप म्हणतो. माणूस वाईट नाही. पण बायकोला "जरा वेळाने येतो" म्हणायचं तरी घड्याळ बघून म्हणेल.

ह्या मोजमापने हजारो माणसांची मापं कुठून कुठून गोळा केली, त्यांची बेरीज केली, भागाकार केला आणि जे उत्तर आलं त्याचा एक लाकडी पुतळा बनवून घेतला. अख्ख्या जगाचा मधला माणूस. मी त्याचं बारसं केलं, सरासरीराव. मामा, ह्या सरासरीरावाचा पाय अशा मापाचा आहे की त्या मापाचा बूट कुठल्याच दुकानात मिळत नाही. जगातल्या सगळ्यांसारखा आहे, म्हणून बिचारा अनवाणी. पण मोजमापचा त्याच्यावर भारी जीव. सकाळी आला की आधी सरासरीरावाला "कसं काय?" म्हणणार, मग त्याच्या मांडीवरून टेप फिरवणार, आणि आमच्याकडे बघणारसुद्धा नाही. त्याचं म्हणणं असं, की कालचं माप म्हणजे कालचं वर्तमानपत्र, म्हणून तो रोज नव्याने मोजायचा आणि खुर्चीचा नकाशा त्याप्रमाणे दुरुस्त करायचा. लाकडाचा माणूस रात्रीतून वाढतो का, हे त्याला कोणी विचारलं नाही. मी विचारलं नाही, मी करून बघितलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर असताना मी सरासरीरावाच्या पँटची मागची शिवण उसवली, फोमचा एक पातळ तुकडा आत सरकवला आणि परत टाके घातले. (पँट मावशीनेच त्याच्या अंगावर शिवून टाकली होती, म्हणजे माझ्यासारख्यांनी ती काढून खुंटीला लावू नये. तिला माझी पारख पहिल्या दिवसापासून.) दुसऱ्या दिवशी मोजमापने टेप फिरवली, डोकं खाजवलं, परत फिरवली, आणि नकाशातली बैठक थोडी रुंद केली. मला एवढं हसू आलं की मी ते उसन्या खोकल्यात घालवलं. मग अजून एकदा तुकडा सरकवला. सरासरीराव बाळसं धरू लागला. मोजमाप खूश. म्हणाला, माणूस बदलतोय, जग सुखवस्तू होतंय, आपल्याला पुढचा विचार करायला हवा. मी म्हटलं, हो साहेब, खातंपितं घर दिसतं.

इथपर्यंत गंमत होती. पण तेवढ्यात एका मोठ्या दवाखान्याचं काम आलं. बाहेरच्या हॉलमध्ये आजारी माणसं आणि त्यांच्यासोबतचे बसून राहतात, त्यांच्यासाठी खुर्च्या. तिथे सतरा मुलखांची माणसं येतात, म्हणून मालकांनी शब्द दिला होता की अख्ख्या जगाला चालेल अशी एकच खुर्ची आम्ही देऊ. काम मोठं, आणि ते हातचं गेलं तर कारखान्यातलं एक माणूस कमी करावं लागेल असं मालक आधीच म्हणत होते. मोजमापने सरासरीरावाकडे बघून नकाशा पक्का केला आणि सुतारबाबांनी सगळ्याच्या सगळ्या बैठकांचं प्लायवूड कापून टाकलं. पहिली खुर्ची उभी राहिली. मी बसलो. मामा, माझ्या शेजारी माझा डबा मावला, डब्याशेजारी सुतारबाबांची हत्यारांची पेटी मावली, आणि तरी कोपऱ्यात एखादं मांजर झोपलं असतं. मग मालक बसले. मालक चांगले भरलेले आहेत, तरी ते बसल्यावर उरलेले मालक कुठे गेले म्हणून आम्ही आजूबाजूला बघू लागलो.

मालक उठले ते तडक सरासरीरावाकडे गेले आणि त्याची पँट धरून ओढली. फोम असा भसाभस बाहेर आला की मोजमापने डोळे मिटून घेतले. फोम कोणाच्या टेबलावरचा? मावशीच्या. पँटची शिवण कोणाची? मावशीची. मालकांनी दोन आणि दोन चार केले आणि हुकूम सोडला. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर परवा खुर्ची बघायला येणार, नवीन प्लायवूड तोवर येणार नाही, आणि ही दीड माणसाची खुर्ची त्यांनी नाकारली की मावशीने आपली कात्री उचलायची आणि घरी जायचं. मावशी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसती कात्रीची धार बघत बसली.

आता मी कितीही वाया गेलेला असलो तरी जिच्या डब्यातलं खातो तिच्या पोटावर पाय येऊ देणार नाही. मी पुढे झालो आणि म्हटलं, मालक, हे मी केलंय. मालक माझ्याकडे बघून चक्क हसले. "तू? रोज थोडंथोडं, न चुकता, परत शिवण घालून? अरे, तुला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही." मी शपथ घेतली. ते म्हणाले, एवढी चिकाटी तुझ्यात असती तर मी तुझा पगार वाढवला असता. वर पाठीवर थाप मारली, की म्हातारीसाठी खोटं बोललास, मन चांगलं आहे तुझं. मामा, जन्मभर मी थापा मारल्या आणि त्या खपल्या. एकदाच खरं बोललो, ते खोट्या नाण्यासारखं परत आलं. आणि मावशीने त्या दिवशी डब्यातला मोठा वाटा मला दिला, तो घशाखाली उतरेना. (शेवटी उतरला. पण वेळ लागला.)

मावशीला वाचवायचा एकच रस्ता उरला होता. ही रुंद खुर्चीच खपवायची. दुपारच्या सुट्टीत आम्ही सगळे खुर्चीभोवती जमलो आणि मी विचारलं, दवाखान्यात एवढी जागा लागते कोणाला? वेल्डर म्हणाला, कोणालाच नाही, सगळ्या जगात माणसं दवाखान्यात खुर्चीच्या कडेला बसतात, तोंड दाराकडे, म्हणजे हाक आली की उठता येतं. सुतारबाबा म्हणाले, हट, सगळ्या जगात आजाऱ्याला मधे घेतात आणि त्याच्या पाठीला पाठ लावून बसतात. तोंड बघायचं नाही, बघितलं की त्याला कळतं आपण किती आजारी आहोत. मावशी म्हणाली, काय बोलताय, सगळीकडे माणूस आजाऱ्याचं डोकं खांद्यावर घेतो. मीही ठणकावून सांगितलं, की सगळे अख्खी आळी घेऊन जातात, आजारी सोडून बाकी सगळे बोलतात, आणि डॉक्टर आला की एकमेकांना गप्प करतात. तुम्हाला आठवत असेल, आजोबांच्या वेळी नर्सने आपल्याला दोनदा बाहेर काढलं होतं, आणि दुसऱ्यांदा तर आजोबाही आपल्यासोबत बाहेर यायला निघाले होते.

मग जुंपली. वेल्डर सुतारबाबांना म्हणाला, "तुमच्याकडे आजाऱ्याला पाठ दाखवतात? वैरी आहे का तो?" सुतारबाबा म्हणाले, "आणि तुमच्याकडे दाराकडे बघत बसतात. पळायची घाई कोणाला, आजाऱ्याला की तुम्हाला?" मावशी मला म्हणाली, तुमच्याकडे आजाऱ्याला बघायला जातात की जत्रा भरवायला. मी म्हटलं, निदान आमचा माणूस कंटाळून तरी मरत नाही. एकेकाला करून दाखवायची खुमखुमी आली आणि आजारी माणूस म्हणून साहजिकच मला धरून खुर्चीत बसवलं. वेल्डर शेजारी बसला, तोंड दाराकडे, पण माझं मनगट त्याने असं पकडलं की मला दोन दिवस डाव्या हाताने चमचा धरता आला नाही. सुतारबाबा बसले, पाठीला पाठ लावून, आणि श्वास घेतला की मला त्यांची पाठ हलताना लागायची. मावशीने पाय वर घेतले आणि माझं डोकं खांद्यावर ओढलं. तिथे फोमचा वास होता. मला जरा खरंच बरं नसल्यासारखं वाटायला लागलं, पण ते तुम्ही कोणाला सांगू नका.

मोजमाप लांब उभा होता. पण टेप गळ्यात असताना त्याला राहवतं का? तो येऊन प्रत्येकाचं माप घेऊ लागला. मग टेप हातातच राहिली. म्हणाला, बसण्यात एकाचं दुसऱ्याशी जमत नाही, पण आजाऱ्याशेजारी जागा मात्र सगळ्यांना लागतेय, अर्ध्या माणसाची. मावशीने त्याला विचारलं, साहेब, तुमच्याकडे कसे बसतात? तो म्हणाला, आमच्याकडे बसत नाहीत. वडील आजारी होते तेव्हा मी त्यांच्या खुर्चीमागे पाठीचा दांडा धरून उभा असायचो, रोज. आमचे सगळे तसेच उभे राहतात. आणि मग म्हणाला, "मला वाटायचं ही आमची रीत आहे. कदाचित खुर्चीच अरुंद असेल."

वेल्डरने सरकून त्याला जागा दिली. मामा, मला तेव्हा एक गोष्ट कळली, आणि मला काही कळलं की ते लिहून ठेवावं लागतं, कारण असं वरचेवर होत नाही. आम्ही सगळेच 'सगळे' म्हणत होतो, आणि प्रत्येकाचं 'सगळे' म्हणजे त्याच्या आईच्या घरातली चार माणसं. मोजमापने तरी हजारो माणसं मोजली होती. फक्त एकेकटी मोजली होती.

परवाच्या दिवशी मोठ्या सिस्टर आल्या. बाई अशा, की त्यांच्यासमोर मालकांनीसुद्धा नखं तपासून घेतली. मालकांनी भाषण सुरू केलं, की ही खुर्ची अख्ख्या जगाला. सिस्टर रात्रीची ड्यूटी करून आल्या होत्या. त्यांनी भाषण ऐकलं नाही, खुर्चीत बसल्या, बूट सैल केले आणि मालकांना म्हणाल्या, "बसा." मालक कधी कोणाच्या शेजारी बसलेले नाहीत. बसले. मग मोजमाप पुढे आला आणि (ही त्याची हिंमत) म्हणाला, अख्ख्या जगाला नाही बाई. पण जो ज्याच्यासोबत आलाय, त्याला आपल्या पद्धतीने सोबत करता यावी, एवढी जागा आहे. सिस्टर म्हणाल्या, आणि ज्याला कोणी जवळच नको असतं तो? माझ्या वॉर्डात तशी माणसंही येतात, दुखणं घेऊन कोपरा शोधणारी. शेजारी जागा दिसली की परका माणूस येऊन टेकेल आणि दुखणं कुठलं ते विचारेल. आमची तोंडं बघण्यासारखी झाली. आम्ही अख्ख्या जगाची खुर्ची मोडून दोन दिवसांत परत अख्ख्या जगाचीच खुर्ची केली होती, फक्त रुंद.

मग मात्र खरं बोलणं झालं. सिस्टर विचारत होत्या, आम्ही सगळे एकदम उत्तर देत होतो, ती आमची मोडकी भाषा त्यांना अर्धी कळत होती आणि उरलेली आम्ही बसून दाखवत होतो. शेवटी ठरलं असं, की पुष्कळशा रुंद, काही जुन्या मापाच्या एकट्या, आणि एकही जमिनीला ठोकायची नाही, म्हणजे ज्याला जशी हवी तशी ओढून घेईल. आवाज होईल म्हणून वेल्डरने पायांना रबर लावायचं कबूल केलं. काम मिळालं. मावशीची कात्री जागेवर राहिली. उलट आता एवढं रेक्झिन चढवायचंय, की ती मला सुट्टीतही फोम कापायला बसवते.

मालकांनी सगळ्यांसमोर मावशीचं कौतुक केलं, की हिला आधीच कळलं होतं जागा किती लागते ते. नंतर ती मला बाजूला घेऊन म्हणाली, माझ्या शिवणीवर दुसऱ्याचे टाके पडलेले मला कळत नाहीत होय रे? एवढे वाकडे टाके तूच घालणार. पहिले दोन थर तुझे. त्याने बोटभरसुद्धा रुंदी वाढली नसती. पुढचे सगळे माझे. "तो मेला रोज लाकडाला 'कसं काय' विचारतो आणि मला नाही." मी म्हटलं, मग मालकांसमोर बोलली का नाहीस? तर म्हणे, मी नाही म्हटलंच कुठे होतं? मामा, इतके दिवस मला वाटायचं की आपल्या घराण्यातच असली माणसं होतात. आता मोजमाप सकाळी आला की आधी मावशीला कसं काय विचारतो, मग आम्हाला, आणि सरासरीरावाकडे वेळ उरला तर बघतो.

तर हे सगळं तुमच्यामुळे. तुम्ही ढकललं नसतंत तर मी अजून आपल्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नकला करत असतो. मनापासून सांगतो, तुमचे उपकार आहेत. मामीला नमस्कार, धाकट्यांना टपली.

तुमचा, बसता झालेला
भाचा

ता. क. आता पत्राचं खरं कारण. आईकडून कळलं की तुम्हाला छातीच्या तपासणीसाठी दवाखान्यात बोलावलंय, ठेवूनही घेणार आहेत, आणि तुम्ही घरात जाहीर केलंत की मी एकटा जातो आणि एकटा येतो, त्यात काय बघायचंय. मामी रडली. तुम्ही पिशवी भरत होतात म्हणून तुम्हाला दिसलं नाही. मी येतोय. हे विचारणं नाही. (विचारणंच आहे. हो म्हणा.) बोलायचं नसेल तर बोलणार नाही. तोंड बघायचं नसेल तर पाठ करून बसेन. कोणीच नको वाटलं तर दाराबाहेर थांबेन, तिथून हाक ऐकू येते. फक्त "आपल्यात सगळे एकटेच जातात" असलं काही सांगू नका. 'सगळे' कोण असतात ते मला आता माहीत आहे.

ता. क. दुसरा. रजा मिळाली आहे. ती मिळवायला मालकांना सांगितलं, की तुम्ही आधीच दाखल झालात, अर्धवट शुद्धीत आहात आणि सारखं माझंच नाव घेताय. खरं सांगितलं तेव्हा हसले होते, ह्यावर मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तुमची चौकशी करायला फोन करणार आहेत. तेव्हा आवाज जरा बारीक काढा, आणि भाच्याची आठवण येते एवढं म्हणा. खोटं असलं तरी चालेल, मी मालकांना मुद्दाम विचारून घेणार आहे तुम्ही काय म्हणालात ते.